वाळवंटाच्या कडेकडेनं एक होडी

मैत्रिणींनो, आपल्या बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्या उंद्रीतल्या कितीतरी बायकांनी समुद्र पाहिला तो एकदाच, मुंबईला कुणाच्या लग्नाला किंवा दवाखान्याच्या कामाला गेल्यावर. चौपाटीवर साडी घोट्याच्या वर धरून उभं राहायचं, एक लाट पायावर घ्यायची आणि परत फिरायचं. पण खारं पाणी म्हणजे काय, हे मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे लोणारचं सरोवर आहे. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आहे. तिकडे विहिरीत पाणी दिसतं, पण तोंडात घेववत नाही. डाळ शिजत नाही, चहा नासतो. पाणी डोळ्यासमोर आणि घसा कोरडा, ही अवस्था ज्या बाईनं भोगली तिला आजची गोष्ट लवकर कळेल.

गोष्ट आहे ऑस्कर स्पेक नावाच्या जर्मन माणसाची. जगभरच्या होडीवाल्यांमध्ये हे नाव मोठ्या आदरानं घेतलं जातं. एका घडीच्या होडीत बसून हा माणूस जर्मनीतून निघाला आणि सात वर्षांहून जास्त काळ वल्हवत, शीड उभारत थेट ऑस्ट्रेलियाला पोचला. अंतर साधारण पन्नास हजार किलोमीटर. या वाटेवर इराण आणि बलुचिस्तानचा वाळवंटी किनारा होता, आणि आपल्या कोकणाचा किनाराही होता. तरी आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

ऑस्करचा जन्म १९०७ मधला. हॅम्बुर्ग हे जर्मनीतलं मोठं बंदराचं शहर, तिथला हा तरुण. शिक्षण विजेच्या कामाचं. वीजजोडणीच्या कामांची कंत्राटं तो घ्यायचा. घरी खाऊन-पिऊन सुखी राहावं, लग्न करावं, चार पैसे गाठीला बांधावेत, असंच कुणीही त्याच्याबद्दल म्हटलं असतं. पण १९२९ मध्ये अमेरिकेत शेअर बाजार कोसळला आणि त्या मंदीची झळ जगभर पोचली. जर्मनीला तर ती फार बसली. आधीच पहिल्या महायुद्धातला पराभव, त्यात नोटांची किंमत कागदाएवढी झालेली, आणि आता कारखान्यांना टाळी. १९३२ मध्ये त्या देशात साठ लाखांच्या आसपास माणसं बेकार होती. ऑस्करचं कामही १९३१ मध्ये बंद पडलं. वय चोवीस, हातात कसब, अंगात रग, आणि दिवसभर करायला काही नाही.

हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. आयटीआय झालेला, डिप्लोमा झालेला पोरगा घरी बसला की घरात काय होतं ते मी बचतगटाच्या कामानं घरोघरी फिरताना बघते. आधी बाप बोलणं कमी करतो. मग पोरगा जेवणाच्या वेळा चुकवायला लागतो. आई दोघांच्या मधे उभी राहून ताट झाकून ठेवते. लोक त्याला रिकामटेकडा म्हणतात. त्याच्या मनात काय चाललंय ते विचारायला कुणाला वेळ नसतो. ऑस्करच्या घरी नेमकं काय झालं असेल ते आपण तिथे नव्हतो म्हणून सांगता येत नाही. पण काम गेलेल्या माणसाचं मन सगळीकडे सारखंच असतं, हे सांगायला जर्मनीला जायची गरज नाही.

त्याच्याकडे एक होडी होती. तिला कयाक म्हणतात. लांबट, निमुळती, पाण्यावर पानासारखी तरंगणारी. उत्तर ध्रुवाकडचे एस्किमो म्हणजे इनुइट लोक शिकारीसाठी कातड्याच्या अशा होड्या करायचे, त्यावरून युरोपातल्या लोकांनी ही घडीची होडी काढली. आतून लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वरून रबर चढवलेलं जाड कापड. काम झालं की पट्ट्या सोडवायच्या, कापड गुंडाळायचं, पिशव्यांत भरायचं आणि आगगाडीत घेऊन बसायचं. जर्मनीत त्या काळी सुट्टीच्या दिवशी नदीवर जायला तरुण पोरं अशी होडी वापरायची. ऑस्करची होडी जेमतेम साडेपाच मीटर लांब होती. मूळ दोन माणसांची, पण त्यानं एका माणसाची जागा सामानाला दिली. तिचं नाव त्यानं ठेवलं सुनशीन. त्याच्या भागातल्या बोलीत त्याचा अर्थ सूर्यप्रकाश.

सायप्रस बेटावर तांब्याच्या खाणी आहेत, तिथे काम मिळेल, असं त्याच्या कानावर आलं होतं. तिकिटाला पैसे नव्हते. मग होडीनंच जायचं त्यानं ठरवलं. मे १९३२ मध्ये उल्म या गावाजवळ डॅन्यूब नदीत त्यानं होडी सोडली. लक्षात घ्या, तेव्हा ऑस्ट्रेलिया त्याच्या डोक्यातही नव्हती. तो काही विक्रम करायला निघाला नव्हता, काम शोधायला निघाला होता. आपल्याकडची पोरं पुण्याला, सुरतेला जातात ना, तसाच.

डॅन्यूब ही मोठी, संथ नदी. तिच्यावर होड्या, बोटी नेहमीच्या. पुढे त्यानं ती सोडली आणि वार्दर नावाच्या नदीनं दक्षिणेला ग्रीसच्या समुद्राकडे जायचं ठरवलं. ही नदी डोंगरातून उड्या मारत जाणारी. खडकांवर आपटून होडीच्या पट्ट्या मोडल्या, कापड फाटलं. त्यात हिवाळा आला, नदीचं पाणी गोठलं. तिथंच थांबून, दुरुस्ती करून, उन्हाळ्याची वाट बघून तो पुढे निघाला. समुद्रात उतरल्यावर मात्र सगळंच बदललं. नदी आपल्याला पुढे नेते, समुद्र नेत नाही. तिथे वारा, लाट आणि भरती-ओहोटी यांचं ऐकावं लागतं. होडीवर त्यानं एक छोटंसं शीड बसवलेलं होतं, आपल्या घरातल्या एखाद्या चादरीएवढं. वारा मागून असला की ते उभारायचं, पायानं सुकाणू धरायचं आणि हातानं तोल सांभाळायचा. वारा पडला की पुन्हा वल्हं. या होडीत झोपता येत नसे, पाय मोकळे करता येत नसत. हात काढला, डोळा लागला, तर होडी आडवी होणार. म्हणून शक्यतो रोज संध्याकाळी किनाऱ्याला लागायचं.

ग्रीसची बेटं, तुर्कस्तानचा किनारा असं करत तो सायप्रसला पोचला. ज्या कामासाठी निघाला ते काम आता जवळ होतं. पण तोपर्यंत माणूस बदलला होता. खाणीत उतरण्यापेक्षा पुढचं जग बघावं असं त्याला वाटलं, आणि त्यानं खाणीकडे पाठ फिरवली. इथे आपल्यातल्या आया म्हणतील, एवढं जवळ येऊन नोकरी सोडली? मलाही वाचताना हाच प्रश्न पडला. पण त्याच्या जिवाला एक गोष्ट सापडली होती जी त्याला येत होती आणि दुसऱ्या कुणाला येत नव्हती. बेकार माणसाला एवढं सापडणं साधी गोष्ट नाही.

सायप्रसहून तो समोरच्या सीरियाच्या किनाऱ्याला लागला. तिथे होडी घडी करून पिशव्यांत भरली, मोटारीनं फरात नदीपर्यंत गेला आणि तिथून पुन्हा पाण्यात उतरला. शाळेत आपण शिकलो ना, मेसोपोटेमिया, दोन नद्यांमधली भूमी? त्यातली ही एक नदी. काठच्या लोकांनी अशी होडी कधी पाहिलेली नव्हती. कुणी त्याला बोलावून खाऊ घातलं, तर कुणी बंदूक झाडली. असं करत तो इराकमधून इराणच्या आखातात आला.

आणि इथून सुरू झाला वाळवंटाचा किनारा.

नकाशा काढून बघा, मुलांच्या पुस्तकात असतोच. इराणच्या आखाताचा उत्तरेकडचा काठ, मग होर्मुझची सामुद्रधुनी, आणि पुढे पूर्वेकडे कराचीपर्यंत पसरलेला मकरानचा किनारा. एका हाताला अथांग पाणी, दुसऱ्या हाताला उघडे बोडके डोंगर आणि वाळू. आपल्या कोकणात दर काही मैलांवर खाडी, माड, गोड्या पाण्याची विहीर. इथे तसं काही नाही. पाऊस नावापुरता, नद्या वर्षातला बराच काळ कोरड्या. मधे मधे मासेमारी करणाऱ्यांच्या वस्त्या, त्यांच्यातही अंतर मोठं. आखातात वायव्येकडून शमाल नावाचा वारा सुटतो. तो धूळ घेऊन येतो, समुद्र खवळवतो आणि दिवसेंदिवस थांबत नाही. उन्हाळ्यात उष्मा असा की भांड्याला हात लावता येत नाही. होडीतल्या माणसाला सावली मिळणार कुठून? अंगावर मिठाचे थर, ओठ फुटलेले, तळहाताला फोड. सोबत गोड्या पाण्याचा छोटा साठा, तोही जपून, घोटाघोटानं प्यायचा. पुढच्या वस्तीत पाणी मिळेलच असं नाही.

हा किनारा इतिहासात आधीपासून बदनाम आहे. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिकंदर भारतातून परत निघाला तेव्हा स्वतः सैन्य घेऊन याच मुलखातून जमिनीवरून गेला, आणि त्याचा सेनापती निआर्कस जहाजं घेऊन किनाऱ्यानं गेला. जमिनीवरून गेलेल्यांपैकी असंख्य माणसं तहानेनं आणि उष्म्यानं मेली. जहाजांवरच्या लोकांचेही अन्नपाण्यावाचून हाल झाले. त्यांनी या किनाऱ्यावर मासे खाऊन जगणारे लोक पाहिले. धान्य पिकत नाही म्हणून माशांचंच पीठ करायचं, आणि गुरांनाही मासेच घालायचे. आपण कडब्याच्या टंचाईनं रडतो, तिथे कडबा हा शब्दच नव्हता.

आणि मैत्रिणींनो, याच मकरानच्या मुलखात हिंगोल नदीच्या काठी डोंगराच्या कपारीत हिंगलाज मातेचं ठाणं आहे. आपल्याकडच्या भावसार समाजाचं हे कुलदैवत. कितीतरी घरांत देव्हाऱ्यात तिचा टाक असतो. देवीचं मूळ स्थान आज पाकिस्तानात आहे एवढंच आपल्याला माहीत असतं. फाळणीच्या आधी तिथे जाणारे यात्रेकरू कराचीहून उंटावर किंवा पायी, दिवसचे दिवस वाळूतून, पाण्याच्या बुधल्या सांभाळत जायचे. ज्या देवीला आपण घरात बसून ओटी भरतो, तिच्या वाटेवर गोडं पाणी हीच सगळ्यात मोठी ओटी होती. त्याच डोंगरांच्या समोरून, पाण्याच्या बाजूनं, ऑस्करची इवलीशी होडी गेली.

या टप्प्यात त्याचे हाल फार झाले. इराणच्या किनाऱ्यावर त्याची होडी चोरीला गेली आणि मोठ्या खटपटीनंतर परत मिळाली. मलेरिया जडला. हा ताप पुढे त्याला सोडायला तयार नव्हता. जरा बरं वाटलं की निघायचं, पुन्हा थंडी वाजून आली की कुणाच्या तरी ओसरीवर पडून राहायचं. अनोळखी देश, अनोळखी भाषा, उशाला बसायला आई नाही, कपाळावर पट्टी ठेवायला बहीण नाही. ज्यांच्या घरातलं कुणी परगावी एकटं आजारी पडलंय, त्यांना यातली चिंता वेगळी सांगायला नको. तो घरी पत्रं लिहायचा. पत्र पोचायला आठवडे, उत्तर यायला आणखी आठवडे, आणि तोवर हा पुढच्या मुक्कामाला. तिकडे घरच्यांना आज तो जिवंत आहे का एवढंही कळायची सोय नव्हती. आता आपला मुलगा पुण्याला पोचून तासाभरात फोन करत नाही तर आपला जीव वरखाली होतो.

होडीचंही तसंच. समुद्राचं पाणी, ऊन आणि खडक यांनी ती झिजायची. जर्मनीतल्या होडी बनवणाऱ्या कंपनीला कळवायचं आणि नवी होडी यायची वाट बघत थांबायचं. एकूण प्रवासात त्याला होडी अशी चार-पाच वेळा बदलावी लागली. मधल्या काळात पैशांसाठी तो व्याख्यानं द्यायचा, वर्तमानपत्रांना हकीकत लिहून द्यायचा. परदेशात राहणारे जर्मन लोक, त्यांचे क्लब त्याला मदत करायचे.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. ज्या किनाऱ्यावर ऑस्करनं एवढे हाल काढले, त्याच किनाऱ्यावर बलुची आणि मकरानी कोळी पिढ्यानपिढ्या होड्या घालत होते. कच्छचे, काठेवाडचे, रत्नागिरीचे तांडेलही शिडाची गलबतं घेऊन आखातापर्यंत जायचे. इकडून लाकूड, तांदूळ न्यायचा, तिकडून खजूर आणायचा. वारा कधी फिरतो, कुठे खडक आहे, कुठल्या वस्तीत गोडं पाणी आहे, हे त्यांना तोंडपाठ. पावसाळ्यात समुद्र बंद आणि नारळी पौर्णिमेनंतर उघडा, हे शास्त्र त्यांच्या आज्या-पणज्यांपासूनचं. त्यांचं नाव कुठल्या वर्तमानपत्रात आलं नाही. त्या काळी इकडे राज्य गोऱ्यांचं होतं, आणि गोऱ्या माणसाला क्लबात बोलावून ऐकणारे लोक होते. त्यामुळे ऑस्करचं धाडस कमी होत नाही. पण ज्या अनाम कोळ्यांनी त्याला पाणी दिलं, वारा समजावला, होडी ओढून किनाऱ्याला लावली, त्यांचाही त्या पन्नास हजार किलोमीटरमध्ये वाटा आहे. आणि त्या वस्त्यांतल्या ज्या बायका वाळूत झरा खणून, वाटीनं पाणी काढून हंडा भरत असतील, त्यांची तर नोंदच कुठे नाही.

कराचीनंतर वाळवंट मागे पडलं. पुढे हिंदुस्थानचा पश्चिम किनारा. गुजरात, मग आपलं कोकण, गोवा, कारवार, मलबार. खाड्या, माडाची बनं, हिरवे डोंगर. महिनोन्‌महिने वाळू बघितलेल्या डोळ्यांना हे कसं दिसलं असेल, याचा मी कितीदा विचार करते. ताप मात्र अंगात होताच. १९३५ मध्ये तो सिलोनला, म्हणजे आताच्या श्रीलंकेला पोचला. तोपर्यंत त्याचं बऱ्यापैकी नाव झालं होतं आणि आता ऑस्ट्रेलियापर्यंत जायचंच हे पक्कं झालं होतं. मग पूर्व किनाऱ्यानं मद्रास, कलकत्ता, तिथून ब्रह्मदेश, मलाया, सिंगापूर आणि पुढे जावा-सुमात्राची बेटं.

या बेटांवर तेव्हा डचांचं राज्य होतं. १९३७ मध्ये लाकोर नावाच्या एका छोट्या बेटावर त्याच्या जिवावर बेतलं. सुरुवातीला गोड बोलणाऱ्या लोकांनी रात्री त्याला होडीतून ओढून काढलं, हातपाय बांधले आणि बेदम मारलं. कानाचा पडदा फाटला. सामान लुटलं. कित्येक तास धडपडून त्यानं दोर सैल केला आणि होडी पाण्यात लोटून अंधारात पळ काढला. कानावर उपचार करायला त्याला माघारी जावं लागलं, शस्त्रक्रिया करावी लागली. कुणीही म्हणालं असतं, पुरे झालं बाबा, आता आगबोटीचं तिकीट काढ आणि घरी जा. तो बरा झाला आणि पुन्हा होडीत बसला. त्यातून सरकारनं त्याला जवळच्या वाटेनं जायची परवानगी नाकारली. मग न्यू गिनी या प्रचंड बेटाला उत्तरेकडून वळसा घालून लांबच्या वाटेनं जावं लागलं.

आता त्याच्या होडीवरच्या झेंड्याबद्दल सांगायला हवं. तो घरून निघाला तेव्हा हिटलर सत्तेवर आलेला नव्हता. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर आला आणि पुढे देशाचा झेंडाच बदलला. ऑस्करच्या होडीवरही मग तोच झेंडा लागला, तिरपं काळं स्वस्तिक असलेला. आपण उंबऱ्यावर कुंकवानं जे स्वस्तिक काढतो त्याचा अर्थ सगळ्यांचं भलं होवो. त्या झेंड्याखाली मात्र लाखो निरपराध ज्यूंना, बायका-मुलांना मारलं गेलं. ऑस्कर त्या काळात हजारो मैल दूर पाण्यावर होता. त्याच्या मनात काय होतं ते आज आपण ठरवू नये, पण झेंडा होता हेही झाकून ठेवू नये. थोर म्हटलेल्या माणसाचं चरित्र सांगताना नको ती पानं फाडायची सवय आपल्याला आहे, ती चांगली नाही.

सप्टेंबर १९३९. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधल्या सामुद्रधुनीतल्या सायबाई नावाच्या बेटावर त्याची होडी लागली. ही ऑस्ट्रेलियाची हद्द. सात वर्षं आणि चार महिने. चोवीस-पंचविशीत निघालेला पोरगा आता बत्तिशीत आला होता. किनाऱ्यावर स्वागताला पोलीस उभे होते. त्या महिन्याच्या सुरुवातीलाच दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं आणि ऑस्ट्रेलिया जर्मनीच्या विरोधात उतरली होती. पोलिसांनी त्याचं आधी अभिनंदन केलं आणि मग शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक केली.

हे वाचून कुणाच्याही पोटात कालवाकालव होईल. ज्या भूमीसाठी एवढं सोसलं, तिच्यावर पाय ठेवल्याबरोबर बेडी. ना मिरवणूक, ना हार. जगाला तेव्हा एका होडीवाल्याची गोष्ट ऐकायला सवड नव्हती. पुढची सहा वर्षं त्यानं नजरबंदीच्या छावण्यांत काढली. मधे एकदा तो छावणीतून पळाला, पकडला गेला आणि दुसऱ्या छावणीत टाकला गेला. म्हणजे बघा, जेवढी वर्षं पाण्यावर मोकळी, जवळजवळ तेवढीच काटेरी तारेच्या आत.

युद्ध संपलं आणि १९४६ च्या सुरुवातीला तो सुटला. जर्मनी उद्ध्वस्त झाली होती. त्यानं परत जायचं नाही असं ठरवलं. ऑस्ट्रेलियात लायटनिंग रिज नावाचं एक ठिकाण आहे, तिथे जमिनीत ओपल नावाचं रंगीत रत्न सापडतं. ज्या माणसानं पूर्वी खाणीच्या कामाकडे पाठ फिरवली होती, तोच आता दुसऱ्या टोकाला येऊन जमीन खणू लागला. यावर तो स्वतःशी हसला असेल का? ओपल काढायचे, घासायचे, त्यांना पैलू पाडायचे, विकायचे, या धंद्यात त्याचा जम बसला. सिडनीच्या उत्तरेला समुद्राजवळ किलकेअर या ठिकाणी त्यानं घर बांधलं. जर्मनीला तो परत गेला तो पाहुणा म्हणून, १९७० मध्ये. १९९० च्या दशकात, ऐंशी पार केल्यावर तो गेला. त्याची कागदपत्रं, फोटो, त्यानं वाटेत काढलेली फिल्म हे सगळं आज सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जपून ठेवलं आहे. त्याच्या हयातीत मात्र त्याला ती कीर्ती कधी मिळाली नाही.

मग प्रश्न उरतो, एवढं करून त्यानं मिळवलं काय? आमच्या गटाच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एका बाईनं हाच प्रश्न विचारला. घर नाही, दार नाही, बायका-पोरं नाहीत, सात वर्षं उन्हात गेली आणि शेवटी तुरुंग. दुसरी एक म्हातारी आजी मात्र वेगळं बोलली. तिचं म्हणणं असं की तो घरात बसून कुढला नाही, हेच त्यानं मिळवलं. बैठकीत थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. आमच्या भागात घरात बसून कुढणाऱ्या माणसांचं पुढे काय होतं, ते तिथल्या प्रत्येकीनं कुठल्या ना कुठल्या घरात पाहिलेलं आहे.

म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची आहे. आपल्या पोरांनी उठून होडीत बसावं असं मी म्हणत नाही. जिवाशी खेळ हा काही उपदेश करायचा विषय नाही, आणि घरच्यांना सात वर्षं घोर लावणं हेही कुणी अनुकरण करण्यासारखं नाही. पण तो निघाला तेव्हा त्याच्यापुढे फक्त पहिला मुक्काम होता. तो गाठला की दुसरा दिसला. पन्नास हजार किलोमीटरचा हिशेब त्यानं पहिल्याच दिवशी मांडला असता तर घरातून पाय निघाला नसता. काम सुटलेल्या मुलाला आपण मात्र पहिल्याच दिवशी सगळ्या जन्माचा हिशेब विचारतो. लग्न कसं होणार, कर्ज कसं फिटणार, लोक काय म्हणतील. त्याला उद्याच्या दिवसाचं विचारलं, हातातलं कसब कशाला लावता येईल एवढं विचारलं, तर कदाचित तो बोलायला लागेल.

आणि मुलींचं? ऑस्करच्या काळात एखादी मुलगी अशी निघाली असती तर तिला वेशीपर्यंतही कुणी जाऊ दिलं नसतं. पण काळ बदलला. आपल्या नौदलातले मराठी अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये म्हादेई या शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा मुलींनी तारिणी नौकेतून जगाला फेरी मारली. आणि २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच जणी त्याच तारिणीतून निघाल्या आणि प्रदक्षिणा पूर्ण करून गोव्याला परतल्या. वारा, लाट, मीठ आणि जपून प्यायचं पाणी, हे सगळं त्यांच्याही वाट्याला आलं. फरक एवढाच की त्या परत आल्या तेव्हा किनाऱ्यावर बेड्या नव्हत्या, कौतुक होतं.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, हे खरंच आहे. पण पाणी जपून वापरायचं, उन्हात वाट चालायची, मुक्कामाला मुक्काम जोडत संसार पुढे न्यायचा, हे कसब आपल्या बायकांइतकं कुणाकडे असेल? या सुट्टीत मुलांबरोबर नकाशा उघडून बसा. बोट ठेवा उल्मवर, मग फरात नदीवर, मग मकरानच्या त्या कोरड्या किनाऱ्यावर, हिंगलाज मातेच्या ठाण्यावर, आपल्या कोकणावर, आणि तसंच पुढे नेत सायबाईपर्यंत. आणि घरात कुणी काम सुटून बसलेलं असेल, तर त्यालाही जवळ बोलवा. ताट झाकून ठेवण्यापेक्षा हे बरं.